ठाण्यात हत्यारं शेअर करून काम करायला जागा आहे का कुठे?

नौपाडाकर:
लाकूडकामाचा नाद आहे पण टू बीएचकेत लाकूड कोरायचा राउटर चालवला की घरभर भुसा आणि खालच्या काकू वर येतात, त्यांचंही बरोबरच आहे म्हणा, घरात आजारी माणूस आहे. चार जण मिळून गाळा भाड्याने घ्यावा, हत्यारं एकत्र ठेवावी असं लय दिवस मनात आहे. कोणी केलंय का?

ऐरोलीवाला:
मुंबईत मेकर्स असायलम नावाची अशीच शेअरिंगची वर्कशॉप २०१३ ला सुरू झालेली, आता ती गोव्यात आहे. पण मी म्हणेन आधी पाबळला विज्ञान आश्रम बघून या. कलबाग सरांनी १९८३ ला काढला, २००२ पासून तिथे फॅब लॅब (म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर वस्तू बनवायची वर्कशॉप) आहे, शिरूर तालुक्यातल्या गावात!

वागळे_गाळा:
आम्ही पाच जण दोन वर्षं चालवतोय. पैशावरून कधी वाद नाही झाला, झाला तो बोथट पटाशीवरून. कोणीतरी खिळ्यावर मारली आणि तशीच ठेवून गेला, मला खरंच वाईट वाटलेलं. आता भिंतीवर प्रत्येक हत्याराची आउटलाइन मार्करने काढलीय, जागा रिकामी दिसली की लगेच कळतं, आणि वापरलं त्यानेच धार लावून ठेवायचं. लेझर कटर घेतलात तर पीव्हीसी अजिबात कापू नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, फुप्फुसांना वाईट आणि मशीनही गंजतं. प्लाय, अॅक्रिलिक चालतं, पण एक्झॉस्ट हवाच. शनिवारी या की बघायला.

नौपाडाकर:
येतो दादा, माझा रंधा पण आणतो.