कॉयर गाताना बाजूला लाइव्ह पेंटिंग, उपासनेत हे असावं का?

वसईकर
परवा क्रुसाच्या वाटेनंतर (येशूच्या दुःखसहनाची चौदा स्थानं फिरत करतात ती प्रार्थना) आमच्या चर्चमध्ये तासभर प्रार्थना होती, पेटी-ढोलकीवर कॉयर गात होतं आणि वेदीच्या पायरीशी एकजण मोठ्या कॅनव्हासवर रंगवत होता. पहिली पंधरा मिनिटं नुसते तपकिरी फराटे, मला वाटलं झाड काढतोय, बाजूची मावशी म्हणाली होडी. मग ढोलकी थांबली आणि त्याने फडक्याने ओला रंग पुसायला घेतला तर पुसलेल्या जागेतून तळहात वर आला. खिळ्याच्या जागी काहीच रंगवलं नाही, तेवढाच कॅनव्हास कोरा. लहानपणापासून चौदा स्थानं फिरतोय पण अकराव्या स्थानाशी, जिथे खिळे ठोकतात, एवढा कधी थांबलो नव्हतो. माझं मत, हे व्हायलाच पाहिजे.

आगाशीवाला
माझा विरोध आहे. आमच्याकडे पण झालं, पुढचे तीन बाक मोबाईल वर धरून शूटिंग करत होते आणि शेवटी टाळ्या. टाळ्या कोणाला, प्रभूला की चित्रकाराला? 1963 च्या उपासनेवरच्या व्हॅटिकन दस्तऐवजात संगीताला मान आहे तो ते शब्दांशी जोडलेलं असतं म्हणून, आणि पवित्र शांतता पाळा असंही त्यातच म्हटलंय. गोव्याचा चित्रकार आंजेलो द फोन्सेका बघा, पुण्याच्या आश्रमात राहून साडीतली मरिया रंगवली त्याने, लोकांसमोर उभं राहून नाही.

वसईकर
दादा, त्या फोन्सेकालाही गोव्यात विरोधच झाला होता ना. आणि मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, नको हे मलाही मान्य आहे, मी फक्त प्रार्थनासभेबद्दल बोलतोय.

रत्नागिरीची
आम्ही प्रोटेस्टंट, आमच्याकडे कीर्तन चालतं. ना. वा. टिळक आमच्याच जिल्ह्यातले, करजगावचे, त्यांनी भजन-कीर्तन चर्चमध्ये रुजवलं. त्याच्या कितीतरी आधी फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी बायबलची कथा सांगणारं अख्खं ख्रिस्तपुराण ओवीत लिहिलं, 1616 ला ते छापलं गेलं. म्हणजे आपल्या मातीतलं काही देवळात आणलं, म्हणजे चर्चमध्ये, की ते तमाशा होतं असं नाही. कीर्तनकारही एकटाच उभा असतो, सगळे त्याच्याकडेच बघतात.

आगाशीवाला
ताई, पण कीर्तनात ध्रुवपद सगळे उचलतात. चित्राचं ध्रुवपद कुठाय? ब्रश एकाच्याच हातात, बाकीचे प्रेक्षक.

वसईकर
होतं. ढोलकी थांबल्यावर कॉयरने "हे प्रभो दया कर" एवढंच लावून धरलं, सगळं चर्च म्हणत होतं आणि तो त्याच लयीत पुसत होता, ओळ संपली की हात थांबायचा, पुन्हा सुरू झाली की फडकं चालायचं. त्या वेळी मोबाईल काढलेला एकही माणूस मला दिसला नाही, आणि टाळ्या झाल्या नाहीत, फादरनी आधीच सांगितलं होतं.

आगाशीवाला
असं असेल तर वेगळी गोष्ट आहे, मान्य. तरी पायरीशी नको. आपल्या जुन्या चर्चेसमध्ये कॉयर मागे माडीवर बसतं, गाणाऱ्याचं तोंड दिसतच नाही, नुसता आवाज येतो. चित्रकाराला पण अशी जागा शोधा जिथून कॅनव्हास दिसेल आणि तो नाही.