मदत हवी आहे: चार्टर बोटीवर स्वतःची मोठी टाकी नेणं आणि पाण्यातला वेळ

धागाकर्ता

मंडळी, मी आणि बायको दोघंही पाठीवर हवेची टाकी लावून स्कूबा डायव्हिंग करतो. स्वतःची बोट असण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे चार्टर बोट, दहा-बारा अनोळखी माणसं आणि एका फेरीत दोन डाइव्ह हे ठरलेलं. अडचण अशी की माझी हवा आधी संपते. बोटीवर सगळ्यांना ॲल्युमिनियम ८० ही नेहमीची टाकी मिळते. १८ मीटरवर मी अर्ध्या तासात ५० बारला, म्हणजे राखीव ठेवायच्या दाबाला येतो, तेव्हा तिच्या गेजवर शंभराच्या आसपास शिल्लक असतं. बडी (डाइव्हमधली जोडीदार) म्हणून तिलाही वर यावं लागतं. बोलत काही नाही, पण शिडी चढून आल्यावर गेज माझ्यापुढे धरते.

म्हणून स्टीलची टाकी घ्यावी म्हणतोय. १२ लिटर की १५, इथे गाडी अडली आहे.

दुसरा प्रश्न शिष्टाचाराचा. एका फेरीत आमच्याबरोबर एक जोडी होती, दोघांच्या स्वतःच्या मोठ्या टाक्या. ब्रीफिंगमध्ये ५० मिनिटं सांगितली होती, हे सव्वा तासाने उगवले. तोवर बाकीचे लाटांवर हेलकावे खात बसले होते, कुणाकुणाला उलट्याही झाल्या. वर आल्यावर उत्तर काय, तर ‘हवा शिल्लक होती ना!’ मला त्यांच्यातला व्हायचं नाही. पण दिलेली ५० मिनिटं पुरेपूर वापरली तर ते चालतं का? आणि ती मोजायची कुठून? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पाणकोंबडी

टाकी बदलण्याआधी कमरेचं शिसं तपासलंत का? जास्त वजन लावलं की माणूस बीसीडीत (तरंगणं सांभाळणाऱ्या फुगत्या जाकिटात) हवा भरत आणि पाय मारत बसतो. हवा तिथेच जाते.

धागाकर्ता

तपासलं. टाकी ५० बारवर असताना ५ मीटरला बीसीडी रिकामी करून स्थिर राहता येतं. अंगानेच थोराड आहे, फुप्फुसंही तशीच असणार.

खारा वारा

मग सरळ हिशेब करा. ॲल्युमिनियम ८० आतून साधारण ११ लिटरची असते आणि २०७ बारला भरते. नावातले ८० घनफूट ही गोळाबेरीज, प्रत्यक्षात भरतात ७७.४. तुम्ही पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेता असं धरू. १८ मीटरला दाब २.८ पट, म्हणजे तिथे ५६ लिटर. २०० पासून ५० बारपर्यंत ११ लिटरच्या टाकीतून १६५० लिटर मिळतात, ती २९ मिनिटांत संपतात. तुमच्या अर्ध्या तासाशी जुळतंय. वहिनी १४ लिटर घेत असतील तर त्यांना ४२ मिनिटं मिळतात.

आता १२ लिटरची टाकी तेवढ्याच दाबाला घ्या: ३२ मिनिटं. तीन मिनिटांसाठी नवी टाकी कशाला? १५ लिटरला ४० मिनिटं होतात, म्हणजे तुम्ही त्यांच्या बरोबरीला येता. मोठ्या टाकीचा खरा उपयोग हाच. इतरांपेक्षा जास्त वेळ खाली राहायला ती घेत नाहीत, जोडीतला फरक बुजवायला घेतात. त्यामुळे सव्वा तासवाल्यांच्या पंक्तीत बसण्याची भीती सोडा.

जास्त दाबाच्या स्टील टाक्यांचं मात्र जपून. एचपी (हाय प्रेशर) १०० आतून १३ लिटरच्या आसपास असते आणि तिची क्षमता २३७ बारला धरलेली असते. बोटीवरच्या कॉम्प्रेसरने २०० पर्यंतच भरली, तर कागदावरची क्षमता कागदावरच राहते आणि तुम्हाला ३५ मिनिटं मिळतात. घाईत गरम भरलेली टाकी थंड झाली की काटा आणखी खाली येतो, तो वेगळाच. तेव्हा लिटर बघा, नावातल्या आकड्यावर जाऊ नका.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ॲल्युमिनियम ८० रिकामी होत आली की साधारण दोन किलोने तरंगू लागते, म्हणून आपण त्या हिशेबाने शिसं बांधतो. स्टीलच्या बऱ्याच टाक्या रिकाम्या झाल्या तरी बुडत्याच राहतात. एचपी १०० शी तुलना केली तर जवळपास तीन किलो शिसं उतरतं. ऐकायला बरं वाटतं, पण पातळ सूट असेल तर कमरेला काढून टाकण्याजोगं शिसंच उरत नाही आणि बीसीडी फाटली तर वर येणं जड जातं. पहिली डाइव्ह उथळ पाण्यात करा आणि वजन पुन्हा ठरवा.

शेवाळ

+१. फक्त एक भर. खोल पाण्यात मोठ्या टाकीने वेळ वाढत नाही. ३० मीटरला तुमचा खर्च मिनिटाला ८० लिटर, साधी टाकीही २० मिनिटं पुरते आणि पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या हवेच्या टेबलवर तिथली मर्यादाही (वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली राहण्याची) २० मिनिटांचीच आहे. १८ मीटरला ती ५६ मिनिटं आहे, दुसऱ्या डाइव्हला त्याहून कमी. पूर्वी हवा संपायची म्हणून तुम्ही आपोआप वर यायचात, आता ही मर्यादा मोजणाऱ्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरकडे बघत राहावं लागेल.

डेकवरचा

काही काळ अशा बोटींवर काम केलं आहे, म्हणून वेळेबद्दल लिहितो. ५० मिनिटं म्हणजे पन्नासाव्या मिनिटाला डोकं पाण्याबाहेर. तळ सोडायची ती वेळ नव्हे! १८ मीटरवरून मिनिटाला ९ मीटर या गतीने दोन मिनिटं, ५ मीटरला सेफ्टी स्टॉपची (खबरदारीच्या थांब्याची) तीन, वर शिडीकडे पोहत यायचं. म्हणजे त्रेचाळीस-चव्वेचाळीसला परत फिरायला हवं. आणि वेळ किंवा ५० बार, जे आधी येईल ते.

मोजायचं कुठून, हे ब्रीफिंगमध्येच विचारा. बहुतेक ठिकाणी प्रत्येक जोडीची वेळ ती खाली गेल्यापासून धरतात. पण कॅप्टनने ‘अकरा वाजता सगळे वर’ असं सांगितलं असेल, तर रमतगमत तयार होणाऱ्यांची मिनिटं त्यांचीच बुडतात. त्याचा राग बोटीवर काढू नये.

उशीर झाला की तुमच्या डोक्यात मासे असतात, कॅप्टनच्या डोक्यात हरवलेला माणूस असतो. तो बुडबुडे शोधतो, प्रवाह कुठे नेतो आहे ते बघतो, आधी वर आलेल्यांना उचलायला बोट हलवावी की नाही याचा घोळ होतो. शिवाय तुमच्यामुळे सगळ्यांचा दोन डाइव्हमधला विश्रांतीचा वेळ तरी घटतो, नाहीतर दुसरी डाइव्ह तरी.

अपवाद एकच: कॉम्प्युटर डीकोचा (डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे सक्तीचा) थांबा दाखवत असेल तर तो पुरा करूनच या. एसएमबी (खुणेचा फुगा) वर सोडा म्हणजे बोटीला तुम्ही दिसाल. वर आल्यावर बोलणी खावी लागली तर खा.

पाणकोंबडी

पण कमी हवा लागणाऱ्यांनी काय घोडं मारलंय? पैसे सगळ्यांनी सारखेच मोजले. गाइड एकाची हवा संपली की अख्ख्या गटाला वर आणतो, हे मला पटत नाही.

डेकवरचा

मलाही पटत नाही. पण त्यावर तोडगा बोट सुटण्याआधी निघतो. जोड्यांनी आपापलं वर यायचं की गटाने, ते आधीच विचारायचं. गाइडने हवा संपत आलेल्याला स्वतःचा ऑक्टोपस (श्वास घ्यायचं जादा तोंड) देऊन डाइव्ह लांबवणं हाही उपाय नव्हे. ती हवा अडीअडचणीसाठी असते.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. १५ लिटर नक्की करतोय. बोटीवर नेण्याआधी आणखी काही विचारायचं असतं का?

खारा वारा

हो, रॅकबद्दल विचारा. बऱ्याच बोटींवरची भोकं सव्वासात इंची टाकीच्या मापाची असतात, आठ इंची त्यात बसत नाही आणि मग ती डेकवर गडगडते. व्हॉल्व्हची जोडणी डिन प्रकारची आहे की योक, ते रेग्युलेटरशी जुळवा. हायड्रोची (पाण्याच्या दाबाने टाकी तपासण्याची) तारीख ताजी हवी, बऱ्याच देशांत ती तपासणी दर ५ वर्षांनी असते आणि उलटलेली दिसली तर भरून देत नाहीत. दुसऱ्या डाइव्हसाठी तुमची टाकी बोटीवरच भरून मिळणार का, हेही विचारा. मिळणार नसेल तर दोन न्या, नाहीतर दुसऱ्या डाइव्हला पुन्हा ८० आणि तेच गेज तुमच्यापुढे.