चिकट डॅशबोर्डवर प्रोटेक्टंट मारून बघितलं: उपयोग होतो की नुसते पैसे जातात?

उद्यमबाग_फिटर
गाडी अकरा वर्षांची. मूळ गोवा पासिंग, मडगावात वाढलेली, आता बेळगावची केए-२२ आहे. गेल्या उन्हाळ्यापासून डॅशबोर्ड हाताला चिकटतोय. आधी वाटलं पोरांनी सरबत सांडलं असेल. मग सौंदत्तीहून येताना यल्लमाचा भंडारा उडाला, तो जिथं पडला तिथंच बसला. किती पुसला तरी निघत नाही. गणपतीची मूर्ती तर रुतलीच आहे, उचलली तर खालची साल घेऊनच येणार.

खडेबाजारातल्या एका दुकानदारानं प्रोटेक्टंटची, म्हणजे डॅशबोर्डवर मारायच्या संरक्षक द्रवाची, बाटली दिली. "मारा, वर्षभर बघायला नको." त्याच्या शब्दावर कशाला जायचं? मधोमध मास्किंग टेप लावली. डावा भाग साबणाच्या पाण्यानं पुसून, वाळवून त्यावर प्रोटेक्टंटचे दोन हात मारले. उजवा भाग होता तसा ठेवला. आमच्या कारखान्याच्या पार्किंगला सावली नाही, म्हणजे परीक्षेला जागा उत्तम. रोज दुपारी एकला दोन्हीकडं टिश्यू पेपर ठेवायचा, वर अर्ध्या किलोचं वजन, एक मिनिट थांबायचं आणि कागद उचलायचा. फौंड्रीतलं इन्फ्रारेड थर्मामीटर लावलं तर काचेजवळ ६७ अंश दाखवलं!

पंधरा दिवसांनी: डावीकडं कागद अलगद सुटतो, उजवीकडं फाटतो. माझ्या मते उपयोग होतो. बोला.

टिळकवाडीकर
होतोच. मी नवी गाडी घेतल्यापासून दर तीन महिन्यांनी मारतोय. आठ वर्षं झाली, डॅशबोर्ड जसाच्या तसा.

अनगोळ_पॉलिमर
तुमचा डॅशबोर्ड बिघडलाच नव्हता, मग औषधानं काय बरं केलं?

फिटर, तुझ्या गाडीला काय झालंय ते आधी ओळख. हाताला मऊ लागणारे बरेच भाग असे असतात की आत कडक प्लास्टिक आणि वर रबरासारख्या पॉलियुरेथेन रंगाचा पातळ थर. हवेतली वाफ त्या थरातले रासायनिक बंध तोडते, उष्णता ते काम आणखी लवकर करते. थर मऊ होतो, मग चिकट. मडगावची दमट हवा आणि वर तुझं ६७ अंश, आणखी काय पाहिजे? दुसरा प्रकार पीव्हीसीच्या सालीचा. ती मऊ राहावी म्हणून आत घातलेलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं झिरपत वर येतं. काचेला आतून धुरकट थर बसतो ना, त्यात तेही असतं.

अमेरिकेत हेच झालं. टोयोटा, लेक्सस, माझदा, निसानच्या काही मॉडेल्सचे डॅशबोर्ड उन्हात चकाकायला आणि चिकटायला लागले, फ्लोरिडासारख्या गरम-दमट भागात फार. लोक पुसून, फवारून थकले. टोयोटानं शेवटी काही मॉडेल्सचे डॅशबोर्डच बदलून द्यायची योजना आणली. बाटलीनं भागलं असतं तर एवढा खर्च कोण करतो?

निपाणीचा_अण्णा
लई शाळा करू नका रे. तीस वर्षं गाडी चालवालोय. खायचा सोडा चोळा, नाहीतर बाळाची पावडर मारा. दोन रुपयात काम.

अनगोळ_पॉलिमर
अण्णा, पावडर चिकटा झाकते. आठवड्यानं तिचाच राखाडी चिखल होतो.

निपाणीचा_अण्णा
आठवड्यानं परत मारायची की! दाढी रोज करताच न्हवं?

शहापूरची_सून
मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून राहवत नाही. दादा, तुम्ही डावा भाग साबणानं पुसलात, मग प्रोटेक्टंट मारलंत. उजवा भाग पुसलाच नाही. मग फरक साबणानं पडला की बाटलीनं? आमच्या आठवीच्या पोरांनी असा प्रयोग आणला तर परत पाठवते. शिवाय गाडी रोज एकाच तोंडानं लावत असाल तर एका बाजूला ऊन जास्त.

टिळकवाडीकर
ताई, इथं पीएचडी करायची नाहीय. हात चिकटायचा बंद झाला, विषय संपला.

उद्यमबाग_फिटर
नाही टिळकवाडीकर, ताईंचं बरोबर आहे. मशीन शॉपमध्ये एका वेळी दोन सेटिंग बदलली तर मीच पोरांवर ओरडतो आणि इथं तेच केलं. उजव्या भागाचे आता दोन तुकडे करतो. एक नुसता साबणानं पुसून, दुसरा तसाच. गाडी एक दिवस पूर्वेला तोंड, एक दिवस पश्चिमेला.

चोर्ला_फेऱ्या
प्रोटेक्टंटवाल्यांना एकच सांगतो. मी तेलकट, सिलिकॉनवाला स्प्रे मारला होता. संध्याकाळी चोर्ला घाटानं गोव्यात साखळीकडं उतरताना सूर्य समोर आणि डॅशबोर्डचं प्रतिबिंब अख्ख्या काचेवर. वळणावरचा ट्रक अगदी जवळ आल्यावर दिसला. दुसऱ्या दिवशी पुसून काढला, पण जातोय कुठं? धूळ मात्र आवडीनं धरतो. पुढं रंग मारायचा झाला तर त्यावर रंगही नीट बसत नाही.

टिळकवाडीकर
ते चकाकीवालं. पाण्यासारखं, मॅट असतं ते घ्यायचं. आणि फवारा कापडावर मारायचा, डॅशबोर्डवर नाही.

गणपतगल्ली_रेक्झिन
आमच्याकडं आणा, वरून नवीन रेक्झिन चढवून देतो. एका दिवसाचं काम.

अनगोळ_पॉलिमर
डाव्या सीटसमोर एअरबॅग असेल तर अजिबात नको. ती डॅशबोर्डची साल ठरलेल्या रेषेवर फाडून बाहेर येते. वर रेक्झिन ताणलं तर ती कशी आणि कुठं उघडेल याचा भरवसा नाही.

उद्यमबाग_फिटर
तीन आठवड्यांनी येतोय. पहिले बारा दिवस साबणाचा तुकडा आणि प्रोटेक्टंटचा भाग यांत काडीचा फरक नाही! दोन्हीकडं कागद सुटतोय. बिनपुसल्या तुकड्यावर रोज फाटतोय. तेराव्या दिवसापासून साबणाच्या भागावर कडा धरायला लागल्या, प्रोटेक्टंटचा टिकून. मला वाटलं जिंकलो. मग वळीव झाला. गाडी तीन दिवस काचा लावून उभी, आत नुसता दमटपणा. चौथ्या दिवशी तिन्ही भाग चिकट.

टिळकवाडीकर
म्हणजे वळिवापर्यंत टिकलं ना? परत मारा. ऑइलही बदलतोच की आपण.

अनगोळ_पॉलिमर
ऑइल बदलल्यावर इंजिन विरघळत नाही. फिटर, मागच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही तिथं आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस फिरव. मोबाईल रिपेअरवाल्याकडं मिळेल. काळा रंग कापसावर आला आणि खाली कडक प्लास्टिक लागलं तर थर सोलून टाक, कायमची कटकट गेली. खालीही मऊच लागलं तर थांब, ती साल आहे. दारं उघडी ठेव, सावलीत कर, जवळ बिडी नको. आणि पेट्रोल, थिनर तर नकोच, प्लास्टिकला चिरा जातात.

शहापूरची_सून
आणि सोललेल्या भागाशेजारी एक तुकडा न सोलता ठेवा, दादा.

उद्यमबाग_फिटर
ग्लोव्हबॉक्सच्या झाकणावर केलं. कापूस काळाकुट्ट, खाली कडक प्लास्टिक. जरा भुंडं दिसतं, पण कागद टेबलावरून उचलावा तसा सुटतो. भंडाराही त्या थराबरोबर गेला. टिळकवाडीकर, उरलेली अर्धी बाटली पाहिजे असेल तर येऊन घेऊन जा.

ताई, न सोललेला तुकडा आपोआप राहणार आहे. आई म्हणते, चतुर्थीपर्यंत बाप्पाला जागेवरून हलवायचं नाही.