स्ट्रॉन्शियम-यिट्रियम गुणोत्तर 60 : एवढ्यावरून अधोगमन (एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकणं) म्हणता येईल का?

पट्टिताश्म_हासन : पश्चिम धारवाडमधल्या सुमारे 330 कोटी वर्षांच्या करड्या पट्टिताश्माचं (नाइस, पट्टेदार रूपांतरित खडक) पृथक्करण असं आलंय : सिलिका 70 टक्के, सोडियम ऑक्साइड 4.8 टक्के, पोटॅशियम ऑक्साइड 1.6 टक्के. स्ट्रॉन्शियम 420, यिट्रियम 7, लँथनम 18, यिटर्बियम 0.6 (सगळे पीपीएम, म्हणजे दहा लाखांत भाग). खाली गेलेलं सागरी कवच एक्लोजाइट (जास्त दाबाखाली बेसाल्टपासून बनणारा गार्नेटयुक्त खडक) होऊन वितळलं, असा निष्कर्ष काढू का?

गार्नेट_शेष : एवढ्यावर नको. हे आकडे दाब सांगतात, जागा सांगत नाहीत. अँफिबोलाइट (हॉर्नब्लेंड खनिज असलेलं रूपांतरित बेसाल्ट) 800 ते 1000 अंशांना वितळताना मागे गार्नेट उरलं, तर ते यिट्रियम-यिटर्बियम धरून ठेवतं. फेल्स्पार उरला नाही, तर स्ट्रॉन्शियम शिलारसात (वितळलेल्या खडकात) जातं. त्यासाठी साधारण 1 ते 1.5 गिगापास्कल, म्हणजे 35 ते 50 किमी खोली पुरते. ती खाली सरकणाऱ्या पट्ट्यात मिळेल, तशीच जाड बेसाल्टी पठाराच्या तळाशीही. एक्लोजाइट म्हणायचं तर रुटाइलचा (टायटॅनियमच्या खनिजाचा) पुरावा हवा : नायोबियम-टँटलमची ठळक तूट.

आज थंड, जुनं कवच वितळण्याआधीच पाणी सोडतं. त्या पाण्यानं वरचं प्रावरण (कवचाखालचा थर) वितळतं. आर्कियन काळात (250 कोटी वर्षांपूर्वीच्या आधी) प्रावरण जास्त तापलेलं होतं, म्हणून ओलं बेसाल्ट स्वतःच वितळणं सोपं होतं. शिलारस प्रावरणातून वर आला असेल, तर मॅग्नेशियम, निकेल, क्रोमियम वाढतं. निव्वळ बेसाल्टच्या वितळीचा मॅग्नेशियम अंक (मॅग्नेशियम आणि लोह मिळून त्यातला मॅग्नेशियमचा टक्का) प्रयोगांत सहसा 45 च्या आत राहतो. तुमचा अंक द्या, मग अधोगमनाबद्दल बोलता येईल. डिस्प्रोशियमही लागेल : गार्नेट डिस्प्रोशियम-यिटर्बियम गुणोत्तर वाढवतं, हॉर्नब्लेंड घटवतं.

भुकटी_ते_आकडा : त्याआधी यिटर्बियमचा 0.6 हा आकडा खरा आहे का, ते पाहा. उघड्या भांड्यात हायड्रोफ्लुओरिक-नायट्रिक आम्लात भुकटी विरघळवली असेल, तर झिर्कॉन बरंचसं तसंच राहतं आणि त्यातलं यिटर्बियम मोजलंच जात नाही. लँथनम मात्र जवळजवळ पूर्ण येतं, त्यामुळे लँथनम-यिटर्बियम गुणोत्तर खोटं फुगतं. ओळखायचं कसं? त्याच भुकटीचं झिर्कोनियम एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी, न विरघळवता) मोजा. आयसीपी-एमएसचा (विरघळवलेल्या नमुन्यावरच्या मोजणीचा) आकडा त्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त कमी पडला, तर नमुना पुन्हा करा : तीन ते पाच पट लिथियम मेटाबोरेटसोबत 1000 अंशांना वितळवून, नाहीतर बंद बॉम्बमध्ये 190 अंशांना किमान दोन दिवस. दळायला अ‍ॅगेटचंच भांडं घ्या. टंगस्टन कार्बाइडमधून टँटलम मिसळतं आणि वर सांगितलेली रुटाइलची कसोटी वाया जाते.

गार्नेट_शेष : अगदी महत्त्वाचा मुद्दा. पोटॅशियमचाही हिशेब करून बघा. 15 टक्के वितळ धरली आणि सगळं पोटॅशियम शिलारसात गेलं, तरी 1.6 टक्क्यांसाठी मूळ बेसाल्टात किमान 0.24 टक्के हवं. मध्यसागरी कटकाच्या ताज्या बेसाल्टात बहुधा त्याहून कमी असतं. म्हणजे एकतर समुद्राच्या पाण्यानं बदललेलं कवच, किंवा मुळातच समृद्ध बेसाल्ट. आणि याला ग्रॅनाइट म्हणू नका, हा ट्रॉन्डजेमाइट-टोनालाइट (सोडियम जास्त, पोटॅशियम कमी असलेल्या ग्रॅनाइटसदृश खडकांचा) गट आहे. कर्नाटकातल्या क्लोजपेटसारखा सुमारे 252 कोटी वर्षांचा पोटॅशियमयुक्त ग्रॅनाइट निव्वळ बेसाल्ट वितळवून मिळत नाही. तिथे समृद्ध प्रावरणाचा शिलारस आणि असेच जुने पट्टिताश्म पुन्हा वितळून आलेला रस, दोन्ही लागतात.