एजंट भरकटतोय हे काम चालू असतानाच कसं ओळखायचं?

पायरी_साठावी
कोडिंग एजंट आहे, म्हणजे भाषा-मॉडेल टूल्स वापरून पायरीपायरीने स्वतःच कोड बदलतं. फाइल वाचणं, शोधणं, बदलणं, टेस्ट चालवणं आणि शेल अशी पाच टूल्स. एका कामाला साधारण २५ पायऱ्या लागतात, कमाल मर्यादा ६०. काम फसलंय हे मर्यादा संपल्यावरच कळतं. लॉग उलटा वाचत गेलं की दिसतं, गाडी दहाव्या-बाराव्या पायरीलाच रुळावरून उतरली होती. दर पायरीनंतर मॉडेललाच "खात्री किती, १ ते १०?" विचारलं तर उत्तर कायम ८ नाहीतर ९. चालू कामात, कमी खर्चात, नेमकं मोजायचं काय? आणि पकडल्यावर थांबवायचं की संधी द्यायची?

लॉगपुराण
खात्रीचा आकडा सोडून द्या. एजंट काय म्हणतो यापेक्षा टूलकडून काय परत येतं ते बघा.

सगळ्यात स्वस्त तपासणी फेऱ्यांची. टूलचं नाव आणि आर्ग्युमेंट्स घ्या, जेसनमधल्या कीज एका क्रमाने लावा, पाथ पूर्ण करा, टाइमस्टॅम्प गाळा आणि हॅश (मजकुराचा छोटा ठसा, मजकूर तोच तर ठसा तोच) काढा. आलेल्या उत्तराचाही हॅश काढा. शेवटच्या १० पायऱ्यांत हीच जोडी ३ वेळा दिसली तर एजंट गोल फिरतोय. उत्तराचा हॅश विसरू नका, नाहीतर बिल्ड पूर्ण झालं का हे पुन्हा पुन्हा विचारणारा शहाणा एजंटही अडकेल. दोन-तीन पायऱ्यांची आळीपाळी (अ-ब-अ-ब) वेगळी तपासावी लागते. शोधाचे शब्द दरवेळी थोडे बदलले तर हॅश फसतो. तिथे सापडलेल्या फाइलींची यादी ताडून पाहा. सलग चार शोधांत एकही नवी फाइल नाही, म्हणजे नवी माहिती थांबली.

दुसरी गोष्ट प्रगतीची. प्रत्येक टेस्टनंतर गिट डिफचा (कोडमध्ये झालेल्या बदलांच्या नोंदीचा) हॅश आणि नापास टेस्टची नावं साठवा. नुसती संख्या नको, कारण एक सुधारून दुसरी मोडली तरी ती तेवढीच राहते. डिफ आधीच्या एखाद्या अवस्थेवर परत आला तर एजंट हेलकावे खातोय. ही मोजणी पहिल्या बदलानंतरच सुरू करा. आधीच्या वाचनाला वेगळी मर्यादा द्या.

पण दहाव्या पायरीला घसरणाऱ्या गाडीचं मूळ बहुधा मूक चुकीत असतं. ग्रेप या शोध-कमांडला काही सापडलं नाही तर एक्झिट कोड (संपताना कमांड देते तो आकडा, ० म्हणजे ठीक) १ येतो आणि चूक झाली तर २. रॅपरने (टूल चालवून उत्तर एजंटला देणाऱ्या कोडने) दोन्हींना "रिकामं" ठरवलं की चुकीच्या पाथवर शोधूनही एजंट समजतो, असं फंक्शनच नाही. मग तो नवं लिहायला बसतो. पायटेस्टचं (पायथनच्या टेस्ट चालवणाऱ्या टूलचं) आउटपुट पाइपने टेलला (शेवटच्या ओळी दाखवणाऱ्या कमांडला) दिलं तर शेलचा पाइपफेल पर्याय लावल्याशिवाय कोड टेलचा मिळतो, म्हणजे ०, टेस्ट नापास असल्या तरी. एकही टेस्ट गोळा झाली नाही तर पायटेस्ट ५ देतो, तोही एजंटला वेगळा सांगायला हवा. रॅपर लांब आउटपुट कापत असेल तर "इतक्या ओळी कापल्या" असं त्यातच लिहा. मॉडेलचं उत्तर टोकन-मर्यादेमुळे (उत्तराच्या लांबीच्या मर्यादेमुळे) तुटलं असेल तर त्यातला पॅच (कोडमधला बदल) लावूच नका.

सेमिकोलन
वरच्या यादीत खोट्या "झालं"ची भर घाला. गोळा झालेल्या टेस्टची संख्या कमी झाली, डिफमध्ये नवा स्किप (टेस्ट वगळण्याची खूण) आला, कमांडच्या शेवटी "|| true" (चूक झाली तरी कोड ० द्यायला लावणारं) जोडलं गेलं, किंवा अपेक्षित आकडाच टेस्टमध्ये बदलला: यातलं काहीही दिसलं की त्याच पायरीला झेंडा. शेवटची टेस्ट एजंटच्या शेलमध्ये नको. स्वच्छ चेकआउटवर (मूळ कोडच्या ताज्या प्रतीवर) पॅच लावून, मूळ टेस्ट फाइली वापरून बाहेरून चालवा.

रात्रपाळी
उंबरठे मनाने ठरवू नका. जुने १००-२०० लॉग घ्या, यशस्वी आणि फसलेले दोन्ही, आणि तपासण्या त्यांवर चालवून पाहा. प्रत्येक तपासणी किती पायऱ्या आधी वाजली असती आणि यशस्वी कामांत किती वेळा उगाच वाजली असती, एवढं मोजा.

यातला सापळा असा: पायरीला फक्त २% खोटी घंटा म्हटलं तर किरकोळ वाटतं, पण पायऱ्या स्वतंत्र धरल्या तर २५ पायऱ्यांत ती एकदा तरी वाजण्याची शक्यता सुमारे ४०%. म्हणून दुसरं मॉडेल परीक्षक म्हणून दर पायरीला बसवण्याच्या मी विरोधात आहे. स्वस्त तपासणीत झेंडा दिसला तरच त्याला बोलवा. द्यायचं तेही मोजकंच: मूळ काम, सध्याचा डिफ, शेवटच्या ६-७ कृती आणि त्यांची उत्तरं. एजंटचं स्वगत देऊ नका, परीक्षक त्याच्याच सुरात बोलू लागतो.

पायरी_साठावी
आणि झेंडा खरा निघाला तर?

रात्रपाळी
पहिल्यांदा फक्त वस्तुस्थिती सांगा: "ही कमांड ३ वेळा चालली, तिन्ही वेळा हेच उत्तर आलं." "नीट विचार कर" याने काही हलत नाही. पुढच्या ५ पायऱ्यांत तोच झेंडा पुन्हा आला तर संवाद टाकून द्या. चुकीचं गृहीतक त्यातच रुजलेलं असतं. शेवटच्या चांगल्या चेकपॉइंटवरून (जतन केलेल्या अवस्थेवरून), कोऱ्या संदर्भात, मूळ काम आणि फसलेले मार्ग एवढंच देऊन सुरू करा. तिसऱ्यांदा माणसाकडे.

लॉगपुराण
चेकपॉइंट म्हणजे नुसता गिट कमिट धरू नका. इन्स्टॉल केलेली पॅकेजेस, डेटाबेसमधले बदल आणि गिट-इग्नोरमधल्या फाइली त्याने मागे जात नाहीत. पूर्ण कंटेनरचा (एजंट ज्यात चालतो त्या बंदिस्त वातावरणाचा) स्नॅपशॉट घ्या, डेटाबेस बाहेर असेल तर त्याचा वेगळा. पुश, डिलीट, मेल पाठवणं यांना मात्र आधीच परवानगीचं दार हवं, तिथे नंतर वाजलेल्या घंटेचा उपयोग नाही.