बेसलाइनला बाहेरचा कन्सल्टंट हवाच, फक्त नेमताना डोळे उघडे ठेवा

गोदाकाठ:
परवा इथं एका संस्थाचालकांनी लिहिलं की युवा कार्यक्रमाच्या बेसलाइनला, म्हणजे ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधी पोरांची परिस्थिती मोजणाऱ्या सर्वेला, बाहेरचा कन्सल्टंट नेमणं म्हणजे पैसे देणाऱ्या फंडरला खूश ठेवायची उधळपट्टी, "आमचे कार्यकर्ते गावातच राहतात, कुठल्या घरातलं पोरगं काय करतं हे त्यांना तोंडपाठ असतं, आठवड्यात फॉर्म भरून होतात." त्यावर लोकांनी भरभरून लाइक दिलेत. मला राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

मी मॉनिटरिंगचं काम करते, मराठवाड्यातल्या तरुण पोरापोरींच्या प्रोजेक्टवर. कार्यकर्त्याला गाव तोंडपाठ असतं हे मान्य. पण दोन वर्षांनी त्याच कार्यकर्त्याचं काम याच आकड्यांवर जोखणार आहात ना? सुरुवातीचा आकडा जितका खाली तितकी पुढची वाढ मोठी. तो मुद्दाम खोटं लिहील असं मी म्हणत नाही, पण जिथं उत्तर अर्धवट येतं तिथं तो आपल्या सोयीनंच भरणार, कुणीही भरेल. आणि पोरांचं काय? ज्या दादाच्या हातात बॅचची यादी आहे तोच दादा "सध्या काही कमावतोस का" विचारतो, तेव्हा पोरगं "नाही"च म्हणणार, कारण कमावतो म्हटलं तर नाव कटेल ही भीती. हेच उत्तर बाहेरच्या माणसानं, यादी लागायच्या आधी विचारलं तर वेगळं येतं.

दुसरं म्हणजे, स्वतः करतो म्हणणाऱ्या किती संस्थांची बेसलाइन वेळेवर होते? बॅच सुरू, मोबिलायझेशन मेळावा झाला, मोफत टी-शर्ट वाटून झाले, आणि मग तिसऱ्या महिन्यात कुणाला तरी आठवतं. तोवर पोरं दोन मॉड्यूल शिकून बसलेली. त्याला बेसलाइन कसं म्हणायचं? आणि तुलनेची गावं, म्हणजे जिथं आपला कार्यक्रम नाही अशी, तिथं आपला कार्यकर्ता जाणारच नाही. मराठवाड्यात एक वर्ष पाऊस बरा झाला की मजुरी आपोआप वाढते, मग ते श्रेय तुमच्या ट्रेनिंगचं का पावसाचं, हे सांगणार कशावरून?

कन्सल्टंट नेमून पैसे वाया गेल्याची उदाहरणं मीही पाहिलीत, पण दोष नेमण्याच्या पद्धतीत असतो. टीओआर, म्हणजे कामाच्या अटींचा कागद, जुन्या प्रोजेक्टचा उचललेला, सगळ्यात कमी कोटेशनवाल्याला काम, फील्डवर नक्की कोण जाणार हे कुणी विचारलेलंच नाही.

वाकडी_वाट:
ती पोस्ट माझीच. ताई, तुमचा अनुभव असेल, माझा पण वीस वर्षांचा आहे. आमच्याकडं फंडरच्या आग्रहावरून मोठ्या शहरातली टीम आली होती. फॉर्ममध्ये पर्याय काय, शिक्षण, नोकरी, व्यवसाय, बेरोजगार. पोरगी म्हणाली "घरीच असते", यांनी बेरोजगारवर टिक केली आणि पुढच्या घरी. ती पोरगी सकाळी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, सीझनला कापूस वेचते, रात्री ब्लाउज शिवते. माझ्या कार्यकर्तीला हे माहीत होतं, तिला फॉर्मला हातच लावू दिला नाही, का तर "बायस" येईल, उत्तरं एका बाजूला झुकतील! आणि भरतीवाली पोरं? पहाटे ग्राउंड, दिवसभर अभ्यासिका, पोलीस भरती निघत नाही तोवर वय निघून चाललंय. ते शिकतात का बेरोजगार? रिपोर्टमध्ये ते अर्धे इकडं अर्धे तिकडं. अशा रिपोर्टला लाखो रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. त्यात माझी एक बॅच निघाली असती.

आकडेमोड:
हा वांदा बाहेरच्या माणसाचा नाही, प्रश्नाचा आहे. "तू काय करतोस" असं विचारलं की हेच होणार. पीएलएफएसमध्ये, म्हणजे सरकारच्या रोजगाराच्या सर्वेत, गेल्या सात दिवसांचं विचारतात, त्यात एका दिवशी एक तास जरी काम केलं तरी ते काम धरतात, आणि वर्षभराचं वेगळं विचारतात. ती पद्धत उचलली असती तर खुरपणी पण आली असती आणि ब्लाउज पण. भरतीच्या पोरांसाठी वेगळा रकाना करायला दोन मिनिटं लागतात. एवढं न करणारा कन्सल्टंट चुकीचाच होता, पण त्यावरून कन्सल्टंटच नको हा निष्कर्ष निघत नाही.

शिवाय सॅम्पलचं, म्हणजे किती पोरांना विचारायचं याचं, गणित घरच्या घरी करणारे सगळीकडं ३८४ लावतात. कुठल्या तरी ट्रेनिंगला ऐकलेलं असतं. अरे ते मोठ्या लोकसंख्येसाठी, ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चूक धरून. तुमच्याकडं एकूण ६०० च पोरं असतील तर साधारण २३५ पुरतात, पण गावं निवडून गावातली पोरं घेणार असाल तर आकडा परत वाढतो कारण एका गावातली पोरं एकमेकांसारखी असतात. आणि दोन वर्षांनी त्यातली किती सापडणार? नंबर बदललेले, मुलींची लग्नं झालेली. ती गळती आधी धरावी लागते.

पाचट:
मला वेळेबद्दल बोलायचंय, ते कुणी बोलना. आमच्या भागात दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला निम्मं गाव रिकामं होतंय. मुकादमाची उचल घेतलेली असती, नवरा-बायकोची जोडी म्हंजी एक कोयता, संगं मोठं पोरगं बी जातंय. फंडरचं वर्ष मार्चला संपतंय म्हणून यांचा सर्वे डिसेंबरात. गावात कोण सापडलं? ज्याची बागायती हाय, ज्याचं दुकान हाय, नाहीतर म्हातारी माणसं. त्यांच्याच पोरांचे फॉर्म भरले. बेसलाइनचं उत्पन्न आलं दणकून. पुढं एंडलाइन, म्हंजी शेवटचा सर्वे, केली जूनमधी, सगळी वापस आलेली, खरी गरीब पोरं सापडली, तर उत्पन्न घटलेलं दिसलं! कार्यक्रमानं पोरं गरीब झाली असा रिपोर्ट, आन् फंडरनं पुढचे पैसे बंद केले. चांगलं चाललेलं सेंटर बंद पडलं, शिवणाच्या मशिनी आजून धूळ खात पडल्यात. हा कन्सल्टंट लई शिकलेला होता बरं का. टीओआरमधी महिना कुणी लिहिला व्हता? संस्थेनंच ना? का बाहेरच्याला काय म्हाईत म्हणून सोडून द्यायचं?

वाकडी_वाट:
बघा! हेच तर मी म्हणतोय. स्थानिक माणसाला कॅलेंडर पाठ असतं.

गोदाकाठ:
दादा, पाचट यांनी संस्थेलाही सोडलेलं नाही, ते परत वाचा. स्थानिक संस्थेनंच महिना ठरवला होता.

रकाना_बारा:
मी सीएसआरच्या, म्हणजे कंपन्या सामाजिक कामाला देतात त्या पैशांच्या, बाजूनं काम करतो. बेसलाइन कायद्यानं सक्तीची आहे असं बऱ्याच संस्थांना सांगितलं जातं, तसं नाहीये. सीएसआर नियमांच्या २०२१ च्या दुरुस्तीत सक्ती आहे ती इम्पॅक्ट असेसमेंटची, म्हणजे कामाचा परिणाम तपासण्याची, ती पण ज्या कंपनीचं सरासरी सीएसआर १० कोटी किंवा त्याच्या वर आहे आणि प्रोजेक्ट किमान १ कोटीचा आहे, प्रोजेक्ट संपून वर्ष झाल्यावर, स्वतंत्र एजन्सीकडून. त्याचा खर्च २०२२ पासून वर्षाच्या सीएसआर खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख, जे जास्त असेल तिथपर्यंत सीएसआरमध्ये धरता येतो. बेसलाइनचा त्यात उल्लेखच नाही. पण ती नसली की असेसमेंटवाला शेवटी पोरांना विचारतो, "तीन वर्षांपूर्वी महिन्याला किती मिळायचे?" आणि पोरगं अंदाजे काहीतरी सांगतं. कोट्यवधीच्या प्रोजेक्टचा निकाल त्या अंदाजावर. त्यामुळं सक्ती नसली तरी मी तरी बेसलाइनशिवाय फाइल पुढं सरकवत नाही.

सर्वेवाली:
सगळे कन्सल्टंट, संस्था, फंडर बोलून झाले. फॉर्म भरतं कोण? आम्ही. समाजकार्यात एमएसडब्ल्यू करून मी अशा सर्व्यांवर काम केलंय, पैसे फॉर्ममागे. दिवसाला आठ फॉर्म व्हायला पाहिजेत, आणि फॉर्म दीडशेच्या वर प्रश्नांचा, तासाभराच्या आत नीट होतच नाही. गावात जायला सकाळची एक एसटी, परत यायला शेवटची, तोवर पोरं रानात नाहीतर तालुक्याला. पेट्रोल स्वतःचं. मोबाइल स्वतःचा, नेट स्वतःचं. शेवटचा हप्ता "डेटा क्लीनिंग झाल्यावर", म्हणजे कधी कुणास ठाऊक. मला एका एजन्सीचे पैसे अजून यायचेत. टीओआरवर भांडताय, त्यात सर्वेअरची मजुरी लिहिलेली बघितलीय कुणी कधी?

वाकडी_वाट:
ताई राग मानू नका, पण झाडाखाली बसून भरलेले फॉर्म आम्ही डोळ्यांनी बघितलेत. एकाच अक्षरात, एकाच पेनानं, सगळ्यांचं उत्पन्न सारखंच.

सर्वेवाली:
राग आलाच. झाडाखाली कोण बसवतं? फॉर्ममागे पैसे देणारा बसवतो! दोनदा जाऊन कुलूप मिळालेल्या घराचे पैसे शून्य. दिवसाचे पैसे द्या, रोज तीन-चार फॉर्मचीच अपेक्षा ठेवा, मग बघते कोण झाडाखाली बसतं. आणि अजून एक लिहिते. सोळा वर्षांच्या मुलीला विचारायचं, कुणाशी मैत्री आहे का, घरात मारतात का, दारू कोण पितं. आई दारात उभी. मी कशी विचारणार ते? फॉर्मवर नुसतं "गोपनीयता राखावी" लिहिलंय. मी ते प्रश्न सोडले तर फॉर्म रिजेक्ट, पैसे कापले.

आकडेमोड:
दहा टक्के फॉर्मची फेरतपासणी आणि ऑडिओ रेकॉर्डिंग ठेवायला पाहिजे, मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये लोकेशन पण येतं. त्यानं निम्म्या तक्रारी संपतात.

सर्वेवाली:
संपत नाहीत, आमच्यावर पाळत तेवढी वाढते. सोळा वर्षांच्या मुलीचा आवाज रेकॉर्ड करायला तुम्ही परवानगी कुणाची घेता? अठराच्या खाली पालकांची लागते, २०२३ च्या डेटा कायद्यातच आहे. म्हणजे घरात मार आहे का हे विचारायला मारणाऱ्याचीच सही. यावर कुठल्या कन्सल्टंटनं पान लिहिलंय? रेकॉर्डिंग माझ्याच मोबाइलमध्ये पडून राहतात, नंतर डिलीट करा असं सांगायलाही कुणी फोन करत नाही.

आकडेमोड:
रेकॉर्डिंगचा मुद्दा मान्य. सज्ञान असेल आणि हो म्हणाला तरच, आणि तेही संवेदनशील भाग वगळून. पण फेरतपासणी सोडणार नाही, मजुरी कितीही द्या.

सर्वेवाली:
फेरतपासणीला मी कधी नाही म्हटलं? करा की. तपासायला येणाऱ्याला पण एसटीनंच पाठवा.

सातपुडा_पायथा:
सर्वेवाल्या ताईंशी शंभर टक्के सहमत, आणि भाषेचं कुणीच काढलं नाही. आमच्याकडं नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याला पोरं शाळेत मराठी शिकलेली असली तरी घरात पावरी नाहीतर भिली. मराठीत विचारलं की "हो" म्हणून मोकळी होतात, पाहुण्याला नाही कसं म्हणायचं म्हणून. आमच्याच भागातली बारावी झालेली पोरं सर्वेला घेतली, तीन दिवस प्रश्नांचा सराव केला, तर उत्तरंच वेगळी आली. कन्सल्टंट बाहेरचा होता, विचारणारी आमची. पण दुसऱ्या तालुक्यातली, म्हणजे ओळखीचं कुणी नाही. मला यात भांडण्यासारखं काही दिसतच नाही.

वाकडी_वाट:
भांडण्यासारखं आहे कारण असा कन्सल्टंट तुम्हाला मिळाला. आम्हाला मिळतो तो प्रपोजलमध्ये डॉक्टरेटवाल्याचं नाव लावतो आणि फील्डवर इंटर्न पाठवतो. ठीक आहे, कार्यकर्त्यानं आपल्याच बॅचचा फॉर्म भरू नये, एवढं मी मान्य करतो. तुमचा तो नाव कटण्याच्या भीतीचा मुद्दा खरा आहे, आमच्याकडंही पोरं लपवतात. पण प्रश्न ठरवताना माझी कार्यकर्ती टेबलावर असल्याशिवाय मी यापुढं कुणाला सही देणार नाही. आणि रिपोर्ट मराठीत पाहिजे. गावात वाचून दाखवता येत नाही असा रिपोर्ट कपाटात जातो.

गोदाकाठ:
तुमची कार्यकर्ती टेबलावर असायलाच हवी, याला माझा विरोध कधीच नव्हता, विरोध होता तो तिनंच फॉर्म भरण्याला.

आमचा पुढचा टीओआर याच महिन्यात निघतोय. फील्डवर कोण जाणार त्यांची नावं आणि किती दिवस, ही अट आधीपासून होती. आता महिना लिहितेय, ऊसतोडीला माणसं जायच्या आधी म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत, नाहीतर काम थेट मेमध्ये. कच्चा डेटा संस्थेच्या ताब्यात, नावं काढून. सर्वेअरला दिवसाची मजुरी आणि प्रवास वेगळा, आणि एजन्सीचा दुसरा हप्ता सर्वेअरचे पैसे पोचल्याची यादी दाखवल्यावरच. अठराच्या खालच्या मुलींना घरातल्या हिंसेचे प्रश्न या सर्वेत विचारणारच नाही, त्यासाठी वेगळी, जाणती माणसं लागतात. रकाना_बारा, एवढं लिहिलं की कोटेशन वाढणार, तुमच्यासारखे फंडर ते देणार का?

रकाना_बारा:
वाढीव रक्कम मंजूर करून घेणं अवघड आहे, खोटं कशाला सांगू. वर बसलेले विचारतात की गेल्या वर्षी याच कामाला एवढे लागले, यंदा दुप्पट का. सर्वेअरच्या मजुरीचा रकाना बजेटमध्ये स्वतंत्र दाखवा, एजन्सीच्या फीमध्ये मिसळू नका. स्वतंत्र असला तर मी त्यावर भांडू शकतो.

पाचट:
सप्टेंबर म्हणलात ते बरं केलं. पण सोयाबीनची काढणी बी तवाच सुरू होती, पोरं दिवसभर रानात. संध्याकाळी सातनंतर जावा.

सर्वेवाली:
सातनंतर? मग परत यायची एसटी कुठली? मुक्कामाची सोय आणि जोडीला दुसरी मुलगी, हे पण टीओआरमध्ये लिहा, नाहीतर सातनंतरचे फॉर्म फक्त पुरुष सर्वेअर भरतील आणि मुलींची उत्तरं परत "घरीच असते" एवढीच येतील.

गोदाकाठ:
लिहिते. मुक्काम आणि जोडी, दोन्ही.