भेटीगाठी कराच, पण पासपोर्ट आधी बघा

परदेशी जाणाऱ्यांसाठीचा एक सल्ला वाचला: सुट्टी संपल्यापासून निघेपर्यंतचे दिवस आपल्या माणसांना द्या, कागदपत्रं शेवटच्या आठवड्यात उरकतात. पहिलं अगदी मान्य, दुसरं नाही. पासपोर्ट आजच कपाटातून काढून बघा. मुदत संपलेली नाही एवढ्याने भागत नाही. बरेच देश प्रवेशाच्या दिवशी ६ महिने शिल्लक मागतात. शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) बाहेरून जाणाऱ्यांना परतीच्या तारखेपुढे ३ महिने लागतात, शिवाय पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला हवा.

मी हे फार उशिरा पाहिलं. मावशीकडे निवांत बसायचं ठरलं होतं, ती दुपार रांगेत गेली. शेवटी दारातच उभ्याउभ्या भेटले. तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता आणि खाली टॅक्सी थांबलेली. ती चुटपूट अजून जात नाही.